मीठ फुटलेल्या जमिनी : कृष्णाकाठच्या बागायतदारांस काही सूचना

पाण्यावाचून पीक वाळते, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोरासही सांगावी लागत नाही. परंतु पाण्यानेच जमीन मरते, ही गोष्ट आपणांस कळली असूनही वळलेली नाही. कऱ्हाडपासून खाली वाळवा, पलूस, मिरज ह्या तालुक्यांतून नदीच्या काठाकाठाने कोणीही माघ-फाल्गुनात फिरून यावे. भरघोस उसाच्या फडांमधूनच मधूनमधून पांढरे पट्टे दृष्टीस पडतील. त्या पट्ट्यांत ऊस गुडघ्याएवढा राहून शेंड्याकडून करपलेला असतो, अथवा ऊस मुळीच नसून लव्हाळा व बाभळीची झुडपे माजलेली असतात. सात-बाराच्या उताऱ्यावर ती जमीन अजून बागायतच आहे. खातेदाराच्या बापाने तिच्यावर कर्ज काढून नदीचे पाणी आणले, आणि आता मुलाच्या हाती ना पीक ना जमिनीची किंमत, अशी अवस्था झाली आहे.

ह्या लेखात आम्ही मीठ फुटण्याचे कारण, त्याची परीक्षा व त्यावरील इलाज ही तिन्ही क्रमाने सांगणार आहोत. क्रमाने म्हणण्याचे कारण असे की, आमच्या पाहण्यात येणारे बहुतेक अपयश औषध चुकल्यामुळे येत नसून क्रम चुकल्यामुळे येते. जिप्समची पोती आधी आणि चर मागाहून, असा उलटा व्यवहार केल्याने पैसाही जातो आणि इलाजावरील विश्वासही उडतो.

हे दुखणे नवे नव्हे

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, आणि पुढील पंचवीस वर्षांच्या आतच बारामतीकडील काळ्या जमिनींस मीठ फुटू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे ह्यांनी नीरेच्या खोऱ्यातील ह्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यामार्फत तो प्रसिद्ध केला. पुढे इंजिनिअर सी. सी. इंग्लिस ह्यांनी दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींच्या निचऱ्याचा प्रश्न हाती घेतला. म्हणजे आपल्या दुखण्याचे निदान होऊन शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

कृष्णेच्या खोऱ्यात कऱ्हाडनजीक खोडशी येथे बंधारा बांधून कृष्णा कालवा १८६०च्या दशकातच काढला गेला होता. परंतु खरे पाणी आले ते त्यानंतर शंभर वर्षांनी. कोयनेचे धरण झाल्यावर नदीस उन्हाळ्यातही पाणी राहू लागले, सहकारी उपसा संस्था निघाल्या, साखरेचे कारखाने उभे राहिले, आणि जेथे पूर्वी शाळू व हरभरा होत असे तेथे बारमाही ऊस आला. ह्या पाण्याने जिल्ह्याचे भाग्य उघडले, ह्यात शंका नाही. त्याच्या निंदेसाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. पाणी शेतात आणण्याचा जितका विचार झाला, तितका ते शेतातून बाहेर काढण्याचा झाला नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मीठ येते कोठून

प्रत्येक पाण्यात थोडेबहुत क्षार विरघळलेले असतात. पीक पाणी पिते, ऊन पाणी नेते. क्षार मात्र कोणीच नेत नाही, ते मागे राहतात. ह्याचा हिशेब शेतकऱ्याने एकदा स्वतः करून पाहावा. ज्या पाण्याची विद्युत वाहकता अर्धा डेसिसायमन आहे, असे पाणी आपण गोडच म्हणतो. पण त्याच्या एका घनमीटरात सुमारे ३२० ग्रॅम क्षार असतात. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १०३ घनमीटर. उसाला वर्षभरात ८० इंच पाणी दिले असे धरले, तर एकरी अडीच टनांहून अधिक क्षार आपण आपल्या हाताने शेतात ओततो. विहिरीचे पाणी २ डेसिसायमनचे असेल, तर हाच आकडा दहा टनांच्या वर जातो. एवढी खतेही आपण कधी घालीत नाही!

हे क्षार पावसाळ्याच्या पाण्याबरोबर खाली झिरपून ओढ्यास व नदीस मिळाले, तर काहीच बिघडत नाही. परंतु आपल्या काळ्या जमिनीत चिकण मातीचा अंश मोठा. तिच्यातून पाणी सावकाश उतरते. त्यात वरच्या अंगास मातीचे पाट व कालवे पाझरतात, ओढे गाळाने भरतात, कोणी ओढाच नांगरून शेतात घेतो. मग जमिनीखालील पाण्याची पातळी दरवर्षी वर चढत जाते. ती पृष्ठभागापासून पाच-सहा फुटांवर आली की, दिव्याच्या वातीतून तेल चढावे त्याप्रमाणे मातीच्या बारीक छिद्रांतून खारे पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जाते. जमिनीस मीठ ‘फुटते’ असे आपण म्हणतो ते अगदी यथार्थ आहे. ते खालून वरच येते.

ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वरचा पांढरा थर खरवडून बांधावर टाकल्याने रोग हटत नाही. दुसरी, ज्याच्या शेतास मीठ फुटले त्यानेच पाणी जास्त दिले असे नव्हे. पुष्कळदा वरच्या शेतकऱ्याचे पाणी खालच्याच्या शेतात मीठ होऊन उगवते.

पाणी जास्त का दिले जाते, ह्याचाही विचार निष्ठुरपणे व्हावा. अनेक ठिकाणी पाणीपट्टी एकरावर बसते, मापावर बसत नाही; त्यामुळे जितके घेऊ तितके आपले, अशी बुद्धी होते. रात्रीची वीज आली की मोटार सुरू करून माणूस घरी निजतो आणि पहाटेपर्यंत सऱ्या तुडुंब भरून पाणी शेजाऱ्याच्या बांधात शिरते. पुढची पाळी कधी येईल ह्याची खात्री नसल्यामुळे वाफसा मोडण्यापूर्वीच पुन्हा पाणी दिले जाते. शेतकरी अडाणी आहे म्हणून हे होते, असे आम्ही म्हणणार नाही; व्यवस्थाच तशी आहे. पण जमीन शेतकऱ्याची आहे, व्यवस्थेची नव्हे.

आधी रोगाची परीक्षा

‘खारी जमीन’ ह्या एका नावाखाली आपण निरनिराळे रोग घालतो. त्यांची औषधे निराळी असल्याने ओळख नीट करून घ्यावी.

पहिला प्रकार क्षारयुक्त जमिनीचा. हिच्यावर हिवाळ्यात व उन्हाळ्यात पांढरी, पिठासारखी बुकटी येते. माती भुसभुशीत लागते. पाण्यात विरघळणारे क्षार पुष्कळ, परंतु सामू साडेआठच्या आत असतो आणि मातीच्या कणांस चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी असते. हिची विद्युत वाहकता ४ डेसिसायमनच्या वर भरते.

दुसरा प्रकार चोपण जमिनीचा. हिच्यात विरघळलेले क्षार कमी, पण सोडियम कणांस घट्ट धरून बसलेले असते व ते १५ टक्क्यांच्या वर असते. सामू साडेआठच्या पुढे जातो. अशी जमीन ओली असता साबणासारखी निसरडी आणि वाळली असता दगडासारखी कठीण होते. पाणी दिवसेंदिवस वर साचून राहते, मुरत नाही. पृष्ठभागावर कधीकधी काळपट तेलकट तवंग दिसतो.

तिसरा प्रकार ह्या दोहोंच्या मिश्रणाचा, क्षारयुक्त-चोपण. हिच्यातील क्षार आधी धुऊन काढले आणि सोडियमचा बंदोबस्त केला नाही, तर जमीन सुधारण्याऐवजी पुरती चोपण होऊन बसते. सबब डोळ्यांनी पाहून औषध ठरवू नये. माती तपासून घ्यावी.

नमुना वैशाखात, पाऊस पडण्यापूर्वी घ्यावा. केवळ वरची माती देऊ नये. तीन फूट खोल खड्डा घेऊन पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फुटाची माती वेगवेगळ्या पिशवीत भरावी. वरची पांढरी बुकटी निराळी ठेवावी. विहीर वा कूपनलिका असेल तर तिचे पाणीही त्याच वेळी तपासावयास द्यावे. प्रयोगशाळेतून अहवाल आल्यावर विद्युत वाहकता कोणत्या रीतीने काढली, हे अवश्य विचारावे. मातीत अडीचपट पाणी घालून काढलेला आकडा हा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी भरतो. वर दिलेली ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची आहे. हा भेद ध्यानात न घेतल्याने ‘अहवालात तर जमीन चांगली आहे’ अशी फसगत होते.

भूमिगत पाण्याची पातळी पाहण्याची युक्ती फार सोपी आहे. शेतातील सखल जागी सहा-सात फूट खोल भोक पाडून त्यात तीन इंची, बाजूंनी छिद्रे पाडलेली नळी उतरवावी आणि वर झाकण घालावे. दर पंधरवड्यास दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजावे व वहीत लिहावे. पाणी पाच फुटांच्या आत राहू लागले की समजावे, मीठ अजून फुटले नसले तरी फुटण्याच्या वाटेवर आहे. ह्या नळीला खर्च थोडा. पण घरात घड्याळ असावे तशी ती प्रत्येक बागायतदाराच्या शेतात असावी, असे आमचे मत आहे.

पहिला इलाज : पाण्यास वाट

निचऱ्यावाचून कोणताही इलाज सिद्धीस जात नाही. निचऱ्याचे काम खालून वर करीत जावे, म्हणजे आधी ओढा, मग मुख्य चर, मग शेतातील चर. ओढा उथळ राहिला तर शेतातील चरांचे पाणी जाणार कोठे? शेतातील निचरा चार फूट खोल करावयाचा, तर मुख्य चर पाच फूट आणि ओढ्याचा तळ त्याहून किमान एक फूट खाली हवा. पावसाळ्यात ओढा तुंबला असता नळ्यांची तोंडे पाण्याखाली जाऊन उलटे पाणी शेतात शिरू नये, इतकी काळजी घ्यावी. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनी नदीकाठच्या शेतांत पाणी कित्येक दिवस साठून राहिले. पूर ओसरल्यावर ज्यांचे ओढे मोकळे होते त्यांची शेते लवकर वाफशावर आली.

उघडे चर स्वस्त पडतात व कोणासही खणता येतात. परंतु त्यांत जमीन जाते, गवत माजते, काठ ढासळतात आणि दरवर्षी साफसफाई करावी लागते. कालव्याच्या अथवा मोठ्या पाटाच्या खालच्या अंगास मात्र पाझर अडविण्यासाठी आडवा उघडा चर उत्तम. तो पाणी शेतात शिरण्यापूर्वीच उचलून नेतो.

भूमिगत निचऱ्यात छिद्रे असलेल्या, वळ्यांच्या प्लास्टिक नळ्या गाळणीच्या जाळीत गुंडाळून सुमारे चार फूट खोल पुरतात. आपल्या भारी काळ्या जमिनीत दोन नळ्यांतील अंतर साधारणतः ६० ते १०० फूट ठेवावे लागते; नेमके अंतर जमिनीची पाझरशक्ती मोजून ठरवावे. नळीस दर शंभर फुटांस दोन-तीन इंचांचा एकसारखा उतार हवा. उतारात मध्येच खोलगा राहिला तर तेथे गाळ बसून नळी मरते. सबब हे काम अंदाजाने न करता, लेव्हल लावून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करून घ्यावे. कोणाच्या शेतात कोठून नळी गेली, ह्याचा नकाशा कागदावर काढून ठेवावा. नांगरट खोल करणाऱ्या पुढच्या पिढीस तो उपयोगी पडेल.

मोल नांगराने जमिनीखाली दीड-दोन फुटांवर पोकळ नाल्या पाडण्याची तिसरी रीत आहे. ती चिकण जमिनीत साधते व स्वस्त पडते. परंतु त्या नाल्या काही वर्षांनी बुजतात, आणि पक्क्या चोपण जमिनीत तर माती विरघळून लवकरच ढासळतात. मुख्य निचऱ्यास जोड म्हणून तिचा उपयोग करावा.

मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात खाऱ्या व चोपण जमिनींवरील प्रयोग चालतात. तेथे जाऊन निचऱ्याची रचना डोळ्यांनी पाहावी. शेजारच्या शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकाराने अनेक गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचरा केला आहे. ऐकीव माहितीपेक्षा अशी एक फेरी अधिक शिकविते.

दुसरा इलाज : क्षार धुणे व जिप्सम

निचरा झाल्यावर क्षारयुक्त जमिनीस औषध फारसे लागत नाही. स्वच्छ पाणी हेच तिचे औषध. शेत सपाट करून चांगले बांध घालावेत, आणि पावसाचे पाणी शेतात अडवून मुरू द्यावे. एक फूट माती धुण्यासाठी तिच्यातून सुमारे एक फूट पाणी आरपार जावे लागते. मग विरघळणाऱ्या क्षारांपैकी बहुतांश भाग निघून जातो. पाणी जमिनीवरून वाहून गेले तर त्याचा ह्या कामी काही उपयोग नाही. ते जमिनीतून गेले पाहिजे.

चोपण जमिनीस जिप्सम लागते. जिप्सममधील चुना मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून जाते. पंजाब-हरियाणातील चोपण जमिनी जिप्समने सुधारल्याचे आपण ऐकतो व ते खरेही आहे. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे (स्थापना १९६९) त्यात मोठे श्रेय आहे. परंतु तेथील जमीन आपल्यापेक्षा हलकी, पाणी उतरू देणारी आहे. आपल्या जमिनीत सुटलेले सोडियम बाहेर नेण्यास चर नसेल, तर ते तेथेच फिरत राहते.

जिप्सम किती घालावे, हे तपासणीवरून ठरते. उदाहरणार्थ, भारी काळ्या जमिनीत सोडियमचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणावयाचे, तर केवळ वरच्या अर्ध्या फुटासाठी एकरी साडेतीन टनांच्या घरात शुद्ध जिप्सम लागेल. पोत्यातील मालाची शुद्धता कमी असेल त्या मानाने अधिक. एक टन जिप्सम विरघळण्यासच एकरी सुमारे चार इंच पाणी लागते. म्हणून ते मृगापूर्वी पसरावे, कुळवाने वरच्या चार-सहा इंचांतच मिसळावे आणि पावसाळ्याच्या पाण्यावर सोडावे. खोल नांगरून गाडू नये. दोन-चार पोती विस्कटून ‘जिप्सम घालून पाहिले, गुण आला नाही’ म्हणणे हे कुपथ्य करून वैद्यास दोष देण्यासारखे आहे.

आपल्या बहुतेक जमिनींत चुनखडी मुळातच आहे. अशा जमिनीत गंधकाची भुकटीही चालते. जमिनीतील जीवाणू तिचे आम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळविते आणि जिप्सम जागच्या जागी तयार होते. एक टन गंधक सुमारे साडेपाच टन जिप्समचे काम करते, परंतु त्यास वेळ लागतो व जमीन ओलसर आणि उबदार असावी लागते. कोणताही पदार्थ घातला तरी जोडीला शेणखत, कंपोस्ट अथवा कारखान्यातील कुजविलेली प्रेसमड भरपूर घालावी.

हिरवळीच्या खतात तागापेक्षा धैंचा अशा जमिनीस अधिक मानवतो. तो मीठही सोसतो व पाण्यातही तग धरतो. एकरी १६ ते २० किलो बी पावसाच्या आरंभी पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलावर येण्यापूर्वी, गाडावा. त्याच्या मुळ्या घट्ट जमीन भेदतात, हा दुहेरी लाभ.

तिसरा इलाज : पीक व पाणी ह्यांची शिस्त

सुधारणा चालू असता पहिल्याच वर्षी ऊस लावण्याचा मोह आवरावा. ऊस हे पीक आपण समजतो तितके काटक नाही. संपृक्त अर्काची वाहकता १.७ डेसिसायमनच्या वर गेली की त्याचे उत्पन्न घटू लागते. ८ वर गेल्यास तिसऱ्या हिश्शाहून अधिक घट येते. मक्याची सोशिकताही १.७ पर्यंतच. तासगाव-मिरजेकडील द्राक्षबागायतदारांनी तर विशेष जपावे. द्राक्षाची मर्यादा १.५ असून पुढे प्रत्येक अंशास उत्पन्न दहाव्या हिश्शाच्या आसपास घटते. डॉगरिजसारख्या खुंटावरील कलमे काही अंशी मीठ सोसतात, पण खुंट हा निचऱ्याचा पर्याय नव्हे. हळदीच्या कंदास साचलेले पाणी मुळीच खपत नाही. कांदा व घेवडा ही तर सर्वांत नाजूक.

ह्याउलट सोयाबीन ५ पर्यंत, गहू ६ पर्यंत, ज्वारी सुमारे ७ पर्यंत आणि कापूस त्याहूनही थोडा अधिक सोसतो. तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे खरिपात धैंचा अथवा सोयाबीन व रब्बीत गहू अथवा शाळू, असा फेर ठेवावा. उगवणीच्या वेळी प्रत्येक पीक नाजूक असते. बियाणे थोडे अधिक वापरावे. जेथे निचरा करणे तूर्त शक्यच नाही, तेथे पॅरा गवतासारखा चारा लावावा. जनावरांची वैरण तरी निघते आणि जमीन उघडी पडत नाही. बांधावर व कालव्याच्या कडेने निलगिरी, करंज, बाभूळ लावल्यास ती झाडे खालचे पाणी बरेच शोषून घेतात.

पाणी देण्याचा नियम एकच : पाळी आली म्हणून पाणी देऊ नये, पिकास हवे म्हणून द्यावे. नऊ इंचांखालची माती मुठीत दाबून पाहावी. घट्ट गोळा होत असेल तर पाण्याची घाई नाही. उसाचे पाचट जाळू नये, सरीत पसरावे. त्याने पाण्याच्या पाळ्या वाचतात, ऊन थेट जमिनीस लागत नाही आणि मीठ वर ओढले जाण्याचे प्रमाण कमी होते. ठिबक सिंचन केल्यास पाणी पुष्कळच वाचते. मात्र ओल्या गोळ्याच्या कडेस मीठ साठते, आणि वळवाची पहिली हलकी सर आली की ते मुळाशी ढकलले जाते. म्हणून पहिल्या सरींच्या वेळी ठिबक बंद न ठेवता चालूच ठेवावे. विहिरीचे पाणी २.२५ डेसिसायमनच्या वर असेल, तर ते एकटे वापरूच नये. नदीच्या पाण्यात मिसळून अथवा आलटूनपालटून द्यावे.

एकट्याचे काम नव्हे

आतापर्यंत सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत एक अडचण आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. चार एकरांचा धनी आपल्या शेतात कितीही नळ्या पुरो, त्याचे पाणी नेण्यास खालच्या पाच-सात शेतांतून वाट हवी. ती वाट मिळाली नाही, तर सारा खर्च व्यर्थ. म्हणून निचरा गावाने, निदान एका ओढ्यावरील सर्व खातेदारांनी मिळून करावयाचा. उपसा संस्था काढून नदीचे पाणी तीन-तीन मैल वर चढविणाऱ्या ह्याच गावांना तेच पाणी खाली उतरविण्यासाठी एकत्र येता येणार नाही, असे आम्हांस वाटत नाही. खर्चाची वाटणी एकरावर करावी. परंतु ज्याचे शेत वरच्या अंगास असून अजून चांगले आहे, त्यानेही वाटा उचलावा, कारण खालच्या शेतातील पाण्याचा उगम त्याच्याही शेतात आहे.

कोणी नैसर्गिक ओघ बांध घालून अडविला असेल, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. तथापि भाऊबंदकीच्या वादापेक्षा पंचांसमक्ष झालेली तडजोड अधिक टिकते. तीही तोंडी न ठेवता कागदावर करून घ्यावी.

ताकारी, म्हैसाळ व टेंभू ह्या योजनांनी कृष्णेचे पाणी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशा दुष्काळी मुलुखाकडे नेले आहे. तेथील बांधवांस आमची विशेष विनंती आहे. माळाची हलकी जमीन सहसा पाणी धरीत नाही. परंतु ओढ्याकाठच्या सखल, खोल काळ्या पट्ट्यांस हा धोका आहेच. तेथे मीठ फुटेपर्यंत वाट न पाहता आताच ओढे मोकळे राखावेत, निरीक्षणाची नळी बसवावी, आणि सर्व रान एकाच वेळी उसाखाली आणू नये. कृष्णाकाठाने जे शिक्षण जमीन गमावून घेतले, ते त्यांस फुकट मिळत आहे.

वर्षाचा क्रम

वाचकांच्या सोयीसाठी कामांचा क्रम संक्षेपाने देतो.

वैशाख : मातीचे व पाण्याचे नमुने, ओढा व मुख्य चर ह्यांची सफाई, नळ्या पुरण्याचे काम, जमीन सपाट करणे.

ज्येष्ठ : मृगापूर्वी जिप्सम व शेणखत पसरून कुळवाची पाळी; बांधबंदिस्ती; पाऊस होताच धैंचाची पेरणी.

आषाढ-श्रावण : पावसाचे पाणी शेतात अडवून मुरविणे; चरांची तोंडे वाहती आहेत की नाहीत ते आठवड्यास पाहणे; श्रावणात धैंचा गाडणे.

भाद्रपद-आश्विन : पाऊस उघडताच पातळीची नोंद, वाफशावर शाळूची पेरणी.

कार्तिक-मार्गशीर्ष : गव्हाची पेरणी, पाण्याच्या पाळ्या हलक्या व मोजक्या, पाचट पसरणे.

पौष ते चैत्र : पांढरी बुकटी कोठे येते त्याचा नकाशा काढणे, चरांतून येणारे पाणी तपासून घेणे. त्या पाण्याची वाहकता दरवर्षी उतरत असेल, तर शेतातील मीठ कमी होत आहे असे समजावे.

हे काम एका वर्षात पुरे होणारे नव्हे. क्षारयुक्त जमीन निचऱ्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांत हाती येऊ शकते; चोपण जमिनीस त्याहून अधिक धीर धरावा लागतो. परंतु ज्या जमिनीस बिघडावयास वीस-तीस वर्षे लागली, तिच्यासाठी चार-पाच वर्षांचा काळ फार नाही. येत्या वैशाखात एका ओढ्यावरील खातेदारांनी एकत्र बसून निदान नमुने घेण्याचे व ओढा मोकळा करण्याचे काम ठरवावे. पुढील कामे त्यामागून येतील.